गडग्यावरची छत्री

यंदा मोहोर आणि भोंगा एकाच आठवड्यात आले. सकाळी मागचं दार उघडलं तर शेजारच्या भाऊंच्या बागेतून तो तुरट-गोड, डोक्यात चढणारा वास आत आला, आणि त्याच्या पाठोपाठ खालच्या रस्त्यावरून रिक्षा आली. "आपल्या प्रभागाच्या सर्वांगीण विकासासाठी..." एवढं ऐकू आलं आणि रिक्षा वळणाआड गेली. विकास नेहमी आमच्या वळणावर आल्यावरच ऐकू येईनासा होतो. मी दाराला टेकून थोडा वेळ तशीच उभी राहिले. काही वास असे असतात की त्यांच्याबरोबर आवाज आला तरच ते पुरे होतात.

मधली काही वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते. निवडणुका लांबत गेल्या आणि एक प्रशासक साहेब कारभार बघत राहिले. माणूस चांगला असेलही, पण तो मला कधी मासळीबाजारात भेटला नाही. नगरसेवक कसाही असला तरी भेटतो. मिरकरवाड्याहून आलेल्या पापलेटांच्या टोपलीपुढे तो आपल्या शेजारीच घासाघीस करत उभा असतो आणि त्याला चारचौघांत विचारता येतं, "काय हो, आमच्या पाखाडीवरचा दिवा कधी लागणार?" पाखाडी म्हणजे आपल्या घराकडून रस्त्याला उतरणारी ती दगडी पायऱ्यांची वाट, जिच्यावर तुम्हा दोघांपैकी निहारने दोन्ही गुडघे फोडून घेतले होते. विचारल्यावर दिवा लागतोच असं नाही. पण तो माणूस कसनुसा हसतो, पिशवी या हातातून त्या हातात घेतो, आणि आपण थोडे हलके होऊन घरी येतो. रागवायला ओळखीचा माणूस असणं ही लोकशाहीतली फार मोठी सोय आहे, हे मला त्या रिकाम्या वर्षांनी शिकवलं.

त्या दिवशी फोनवर बोलताना भोंगा तिकडे तुम्हा भावंडांनाही ऐकू आला. निहार म्हणाला, "आजी, लग्न आहे का?" मी म्हटलं, निवडणूक आहे, थाट तसाच असतो. निहार हसला, रेवा हसली नाही. ती म्हणाली, "आजी, तुमच्याकडे पण इलेक्शन झाल्यावर लोक एकमेकांच्या घरी जायचे थांबतात का? आम्ही आता समोरच्यांकडे जात नाही. बाबा म्हणतो, ते त्यांच्यातले आहेत."

याचं उत्तर फोनवर मावण्यासारखं नाही. मला कुठलीही गोष्ट क्रमाने सांगायची सवय. शाळेत इंग्रजी शिकवताना मी मुलांना सांगायचे, आधी काय झालं आणि मग काय झालं एवढं स्वच्छ लिहा, का झालं ते वाचणाऱ्याला आपोआप कळतं. म्हणून हे लिहून पाठवते आहे. तुम्हाला वाचायला जड जाईल, तेव्हा बाबाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. त्याचं मराठी वाचन अजून चांगलं असेल अशी आशा आहे. यातलं बरंचसं त्याच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

तर आधी ते बेडं. तुम्ही मे महिन्यात येता तेव्हा आपल्या मागच्या अंगणातून भाऊ आजोबांच्या अंगणात ज्या फटीतून धावत जाता, ते बेडं. दोन्ही अंगणांच्या मधे गडगा आहे, जांभ्या दगडांची एकावर एक रचलेली, कमरेच्या वर येणारी भिंत. सिमेंट नाही, चुना नाही, नुसते दगड एकमेकांच्या भरवशावर उभे. त्यात एका जागी माणूस जाईल एवढी वाट सोडलेली आहे, गुरं येऊ नयेत म्हणून तिला दोन आडवे वासे. मी पुण्याहून लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच सकाळी त्या वाशांमधून वाकून एक बाई आमच्या स्वयंपाकघरात आल्या, चुलीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "मी माई. मीठ कुठे ठेवलंन तुमच्या सासूबायनी, माहीत नसेल तुम्हाला. मी दाखवतंय." त्या माझ्याच वयाच्या. आमच्या घरातलं मीठ त्यांनी मला दाखवलं.

माईंचे यजमान भाऊ आणि तुमचे आजोबा एका बाकावर शिकलेले. आजोबा वकील झाले, भाऊंनी वडिलांची कलमांची बाग वाढवली. आजोबा त्यांना भाऊ म्हणत आणि भाऊ आजोबांना नुसतं 'वकील'. आपली विहीर फाल्गुनातच तळ दाखवते, भाऊंची ऐन वैशाखातही भरलेली. तेव्हा उन्हाळाभर आपल्या घरचं पाणी त्या बेड्यातून येई. मी कळशी घेऊन गेले की भाऊ पडवीतून ओरडायचे, "वहिनी, रहाटाला तेल घातलाव आज. आता करकर नाय, तुमच्या वकिलाची झोप मोडायची नाय!"

दोघांचा पक्षही एकच होता. तरुणपणी दोघांनी मिळून रात्रंदिवस भिंती रंगवल्या, चुना आणि गेरूने. आजोबांचं अक्षर सुंदर आणि भाऊंचा हात उंच पोचणारा, त्यामुळे वरची ओळ भाऊंची वाकडी आणि खालची आजोबांची सरळ. मुंबईचा पुढारी आला की भाऊंच्या जीपमधून मिरवणूक निघे, आणि सभेनंतर जेवायला तो आमच्याकडे, कारण माईंच्या हातचं तिखट त्या पुढाऱ्यांना झेपत नसे.

मग एका वर्षी मुंबईत पक्ष फुटला.

तुमचा बाबा हल्ली पक्ष फुटल्याच्या बातम्या हवामानासारख्या वाचतो, आज इथे ढगाळ, उद्या तिथे पाऊस. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा वर्तमानपत्र एसटीने दुपारी यायचं आणि मुंबईत सकाळी जे फुटलं ते रत्नागिरीत चहाच्या वेळेला फुटायचं. दोन मोठ्या माणसांचं कशावरून तरी पटेनासं झालं होतं. त्या दोघांना आमच्या आळीचं नावही माहीत नसेल, पण तडा मात्र सरळ आमच्या मागच्या अंगणापर्यंत आला. भाऊंना एकाचं म्हणणं पटलं, आजोबांना दुसऱ्याचं. आणि त्याच हिवाळ्यात नगरपालिकेची निवडणूक लागली. दोन्ही गटांना आमच्या वॉर्डात भरवशाचा माणूस हवा होता. दोन्ही गटांनी शोध घेतला आणि दोन्ही गट, एक पुढच्या दाराने आणि एक मागच्या, त्याच गडग्यापाशी येऊन थांबले.

सुरुवातीला त्याची गंमतच वाटली. जुन्या चिन्हावर वाद चाललेला, म्हणून दोघांना आयोगाच्या यादीतली सुटी चिन्हं मिळाली. भाऊंना कपबशी, आजोबांना छत्री. तिसरा एक उमेदवार होता, खालच्या नाक्यावर व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देणारा तरुण. त्याला शिट्टी मिळाली, आणि त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. चिन्हं घेऊन दोघं एकाच जीपमधून घरी आले. अंगणात उतरताना भाऊ म्हणाले, "वकील, आता रोज सकाळी तू माझाच प्रचार करणार. चहा कशातून पितंस रे?"

आजोबा म्हणाले, "पिईन. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तू माझा कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा मला म्हणाले, "चहा पेल्यातून दे." मला वाटलं थट्टाच आहे. थट्टाच होती. पण दुपारी कार्यकर्ते आले, त्यांनाही पेल्यातूनच द्यायला सांगितलं. महिनाभर आपल्या घरात कपबशी निघाली नाही. गरम स्टीलचे पेले पदराने धरून पिताना सगळ्यांची बोटं भाजायची, पण निष्ठा म्हणून कुणी बोलत नसे. थट्टेचा नियम कधी होतो ते घरातल्या माणसांना कळत नाही.

त्यातच संक्रांत आली. माईंनी हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून प्रत्येक बाईला एकेक कपबशी दिली. निवडणुकीचे नियम तेव्हाही असतीलच, पण हळदीकुंकवात शिरून वाण तपासण्याची छाती कुणाची? मी बेड्यातून गेले, कपबशी घेतली. माई कानाशी लागून म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याकडे काय छत्र्या वाटणार काय? आधी सांगा, माझी मोडलेली हाय."

छत्र्या कुठून वाटणार? मी चहाची गाळणी वाटली. माई आल्या, गाळणी उलटसुलट करून बघितली आणि सगळ्या बायकांत मोठ्याने म्हणाल्या, "बघा, कप माझा नि गाळणी वहिनींची. ह्या दोघांपैकी कोण पण येवंदे, चहा आपणच गाळायचा." केवढ्या हसलो होतो आम्ही! पडवीत बसलेल्या आजोबांना ते हसणं ऐकू गेलं असणार. मला वाटतं, त्या मोसमातलं ते शेवटचं मोकळं हसणं.

कारण त्याच आठवड्यात भाऊंची मोठी सभा झाली. बोलायला मुंबईहून एक वक्ता आला होता, आवाज भरदार आणि शाल खांद्यावरून सारखी घसरणारी. आम्ही आमच्या पडवीत बसून ऐकत होतो, भोंगा पार वरपर्यंत लावलेला होता. आमच्या वॉर्डातला एकमेव प्रश्न पाण्याचा. नळ एक दिवसाआड यायचा, तोही करंगळीएवढा. वक्ता पाण्यावर आला. आणि गाडीतून येताना कुणीतरी त्याच्या कानात घातलेलं त्याने जाहीर करून टाकलं. "समोरचे वकीलसाहेब म्हणतात, वॉर्डाला पाणी देऊ. अहो, ज्याची स्वतःची विहीर आटलेली, जो आमच्या भाऊंच्या विहिरीवर कळशी घेऊन येतो, तो तुम्हाला काय पाणी देणार?"

टाळ्या पडल्या. हशाही झाला. आजोबा हलले नाहीत. ते वक्त्याचं ऐकत नव्हते, ते टाळ्या संपल्यावर पुढे काय होतं त्याची वाट बघत होते, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. भाऊ त्याच व्यासपीठावर बसलेले. ते उठतील, माइक हातात घेतील, आपल्या त्या फाटक्या आवाजात "ओ साहेब, पाण्याचं बोलू नका" असं म्हणतील. टाळ्या संपल्या. वक्ता रस्त्यांवर गेला. भाऊ उठले नाहीत.

सकाळी आजोबा कोर्टात गेले नाहीत. कोर्टाचा पांढरा सदरा तसाच अंगात, बाह्या वर सारलेल्या, आणि ते मागच्या अंगणात दगड वाहत होते. आधी वासे काढून बाजूला ठेवले. मग बेड्याच्या जागी एकेक दगड रचायला लागले. मी म्हटलं, "अहो, पाणी?" ते म्हणाले, "नगरपालिकेचा नळ आहे." एवढंच. जन्मात कधी गडगा न रचलेला माणूस तो. दगड बसतच नव्हते. लहानावर मोठा, मोठ्यावर वाकडा, आणि मधल्या फटींतून पलीकडचं अंगण दिसतच राहिलेलं. भाऊ पडवीत उभे राहून बघत होते.

आजोबा हात धुवायला आत आले आणि बाहेर खडखडाट झाला. मला वाटलं कोसळलं. खिडकीतून पाहिलं तर भाऊ त्यांच्या बाजूने वरचे दगड उतरवत होते. क्षणभर मला वाटलं, वाट मोकळी करताहेत. पण नाही. त्यांनी एक रुंद दगड शोधून आणला, खाली नीट बसवला, फटींत दगडाच्या चिपा ठोकल्या, मग पुन्हा वर रचायला घेतलं. माई आतून ओरडल्या, "अहो, काय चाललंय?" भाऊ मोठ्याने, आमच्या खिडकीला ऐकू जाईल असं म्हणाले, "गडगा असा रचतात काय? उद्या कोणाच्या पायावर आला म्हणजे?"

असा तो बुजवलेला गडगा. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण तो दोघांनी मिळून घातला. मी आयुष्यात बरंच राजकारण पाहिलं, राज्याचं, देशाचं, परदेशांतलं वर्तमानपत्रांतून. पण भांडणातसुद्धा दुसऱ्याचं काम कच्चं राहू नये म्हणून झटणारी माणसं मी तेवढीच पाहिली.

मतदानाच्या आधी चार-दोन दिवस आभाळ भरून आलं. मोहोरावर पाऊस म्हणजे काय, ते बागायतदाराच्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही. वर्षाची मेहनत त्या बारीक पिवळट तुऱ्यांवर अवलंबून असते आणि एका सरीत सगळं काळं पडू शकतं. दुपारी सर आली. भाऊ बागेत धावले. एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली जात होते, फांद्यांकडे बघत. करण्यासारखं काहीच नव्हतं, नुसतं बघत होते. सदरा अंगाला चिकटलेला, टक्कल भिजून चकाकत असलेलं. डोक्यावर काही नव्हतं.

आजोबा खिडकीत उभे होते. त्यांनी एकदाच विचारलं, "हा छत्री का घेत नाही?" आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं. भाऊंच्या घरात छत्री उघडत नव्हती, जशी आमच्या घरात कपबशी निघत नव्हती.

ते खुंटीपाशी गेले. वाकड्या लाकडी मुठीची त्यांची काळी छत्री काढली, अंगणात गेले, आणि ती उघडून गडग्यावर ठेवली, मूठ दोन दगडांच्या मधे नीट अडकवून, भाऊंच्या हाताला येईल अशी. आणि स्वतः भिजत परत आले. पाऊस थांबेपर्यंत ती छत्री त्या बुजवलेल्या वाटेवर कुणाच्याही डोक्यावर नसताना उभी होती. भाऊंनी ती पाहिली. घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री आमच्या पुढच्या पडवीत होती. कोरडी, घडी घातलेली, पट्टी लावलेली.

निकालाचं काय सांगू? दोन चांगल्या माणसांनी मतं निम्मी निम्मी वाटून घेतली आणि शिट्टी निवडून आली. दिवसभर पाखाडीवरून पोरं शिट्ट्या फुंकत वरखाली करत होती. आजोबा आपल्या पडवीत आणि भाऊ आपल्या, दोघंही रस्त्याकडे तोंड करून बसलेले, दोघंही चहा न पिता. मला वाटलं, आता तरी झालं. हरल्यावर तरी दोघं हसतील. पण हरल्यावर माणसं अधिक घट्ट होतात. आता प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा उभा नसता तर.

आपली विहीर त्या वर्षी जरा लवकरच आटली. मी पाखाडीच्या खाली नगरपालिकेच्या नळावर रांगेत उभी राहू लागले, हंड्यांच्या ओळीत इंग्रजीच्या बाई. वर चढताना माईंच्या स्वयंपाकघराची खिडकी लागायची. त्या दिसायच्या, मी दिसायचे. त्यांच्या विहिरीचा रहाट ऐकू यायचा. आता त्याला कुणी तेल घालत नव्हतं.

आणि मग शिमगा आला.

तुम्ही शिमग्याला कधी इथे आला नाहीत, म्हणून सांगते. होळी झाली की ग्रामदेवी आपलं देऊळ सोडून पालखीत बसते आणि घराघरांत येते. वर्षभर आपण तिच्याकडे जातो, त्या दिवसांत ती आपल्याकडे येते. ढोल वाजतात, मानकरी पुढे असतात, बायका पालखी खांद्यावर घेणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालतात आणि देवीची ओटी भरतात. तिची वाट ठरलेली असते. कुठल्या घरानंतर कुठलं घर, कुठल्या अंगणातून कुठल्या अंगणात, हे कुणा आजच्या माणसाने ठरवलेलं नाही आणि कुणी बदलत नाही. आमच्या आळीत ती भाऊंच्या अंगणात येते, तिथून, वासे काढून, बेड्यातून आमच्या अंगणात, आणि मग पाखाडीने खाली.

गडगा रचताना हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. रोज पाया पडणारी माणसं, पण निवडणुकीने एवढं डोकं भरलेलं की देवीची वाट बुजवली आणि वर ती पक्की केली!

भाऊंच्या अंगणातली ओटी झाली. ढोल घुमत होते. पालखी नाचत नाचत बेड्याकडे वळली आणि थांबली. खांद्यावर घेणारे चौघे जागच्या जागी झुलत राहिले, कारण खांद्यावर आलेली पालखी मधेच टेकवत नाहीत. कुणीतरी म्हणालं, "रस्त्याने फिरवून नेऊया."

गुरव म्हातारे होते, ठेंगणे, आवाज मात्र देवळाच्या घंटेसारखा. ते म्हणाले, "फिरवून? आजपर्यंत कधी फिरून गेली काय ती?" मग गडग्याकडे बघत विचारलं, "वाट कोणी बुजवलीन?"

ढोल थांबले. गडग्याच्या अलीकडे आजोबा, पलीकडे भाऊ.

"मी नाय घातला," भाऊ म्हणाले. "मी फक्त नीट केला."

"मी घातलेला केव्हाच पडला असता," आजोबा म्हणाले. "हा टिकलाय तो ह्याच्यामुळे."

सगळं अंगण हसलं. गुरव हसले नाहीत. म्हणाले, "वकील, कोर्ट नंतर. पोरांच्या खांद्यावर ती उभी हाय."

दोघांनी एकदमच हात घातला. आजोबांनी मधला दगड ओढला आणि भाऊ ओरडले, "अरे, तो नको! वरचा आधी! ढासळेल सगळा!" सभेनंतर आजोबांशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

आजोबा म्हणाले, "मला शिकवू नको. तुझ्या चिपा आधी काढ."

"काढतंय रे. बोटं सांभाळ."

दगड उतरत होते. तुमचा बाबा तेव्हा कॉलेजातून सुट्टीला आलेला. तो आजोबांच्या हातातला दगड घेऊन बाजूला ठेवायचा, मग भाऊंच्या हातातला. त्याला विचारा, त्या दिवशी त्याच्या सदऱ्याला लागलेली लाल माती मला किती वेळा धुवावी लागली. शेवटचा, तो रुंद, खालचा दगड मात्र एकट्याला हलेना. दोघांनी दोन बाजूंनी धरला.

मी पाण्याची कळशी घेऊन उभी होते. घरात तेवढंच पाणी होतं, आटलेल्या विहिरीच्या तळाचं, थोडं गढूळ. नळ त्या दिवशी आलेला नव्हता. पालखी बेड्यातून आत येणार एवढ्यात माई मोकळ्या झालेल्या वाटेतून पुढे आल्या. काखेत भरलेला हंडा, पदर भिजलेला. माझ्या कळशीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "देवीच्या वाटेवर असलं पाणी घालतंस काय गो! धर हा." लग्नापासून त्या मला 'अहो वहिनी' म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा 'गो' म्हणाल्या आणि मग कायम तेच म्हणाल्या.

मी भाऊंच्या विहिरीचं पाणी घातलं. पालखी आपल्या अंगणात आली. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. सगळ्या आळीसाठी मागून झालं आणि मग आवाज चढवून ते म्हणाले, "आणि ही दोन लेकरं इलेक्शनच्या नादाला लागून तुझी वाट चुकलीत, त्यांना वाटेवर आण गो आई! आणि परत वाट बुजवतील तर त्यांच्या तोंडचा चहा काढून घे!" सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हटलं. आजोबा आणि भाऊ, दोघं पन्नाशीचे, जबाबदार गृहस्थ, मान खाली घालून सगळ्यांत मोठ्याने म्हणाले.

पालखी पाखाडी उतरून गेल्यावर भाऊ आपल्या पडवीत येऊन बसले. मी चहा केला. कपाटातून माईंच्या वाणाची कपबशी काढली. भाऊंनी ती पाहिली, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "वकील, मत वाया गेलं तुझं. आता देतंस कपबशीला?"

यानंतर ते दोघं पुन्हा एका पक्षात कधीच आले नाहीत. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत भांडले, पडवीत, तासन्‌तास, हातवारे करून. बेडं उघडंच राहिलं.

आता आजोबा नाहीत आणि माईही नाहीत. चौघांतले भाऊ आणि मी राहिलो. आजोबा गेल्यावर मी त्यांचे कपडे वाटले तेव्हा भाऊंनी एकच वस्तू मागून घेतली. ती तुम्ही पाहिली आहे. मे महिन्याच्या उन्हात ती वाकड्या मुठीची काळी छत्री घेऊन ते कलमांत फिरतात आणि तुम्ही त्यांच्यामागे.

यंदा मतदानाच्या सकाळी भाऊ बेड्यातून आले. वाकणं जमत नाही म्हणून वरचा वासा त्यांनी काढूनच टाकलाय. हातात छत्री. आम्ही दोघं हळूहळू नगरपरिषदेच्या शाळेकडे निघालो. ऊन तापायला लागलं होतं. थोडं चाललो आणि ते एकदम म्हणाले, "वहिनी, त्या सभेत मी उठायला हवं होतं."

कुठली सभा ते मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "त्यांनी ते मनात धरून ठेवलं नव्हतं हो."

"मला माहीत हाय. त्याने नाय धरलंन. म्हणूनच मी धरलंय."

शाळेच्या फाटकाशी एक तरुण पोलीस होता, देशावरचा असावा, बोलण्यावरून. त्याने हात आडवा केला. "आजोबा, छत्री आत नेता येणार नाही. यंदा एका उमेदवाराचं चिन्ह आहे. बाहेर ठेवा."

भाऊंनी छत्री मिटली, पट्टी लावली आणि त्याच्या हातात देत म्हणाले, "त्याची असंल ती. ही आमच्या वकिलाची. सांभाळून ठेव, मी परत घेणार हाय."

आम्ही आत गेलो, वेगवेगळ्या रांगांत उभे राहिलो, मत दिलं. भाऊंनी कुणाला दिलं मला माहीत नाही, मी कुणाला दिलं ते त्यांना माहीत नाही. बहुतेक वेगवेगळंच असेल. बाहेर आल्यावर त्यांनी छत्री मागून घेतली, उघडली, आणि घरी येईपर्यंत माझ्याच डोक्यावर जास्त धरली. आता उन्हं कलली आहेत. पलीकडे रहाट फिरतोय, पण करकर येत नाहीये. त्याला आजही तेल घातलेलं आहे.

तर रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की हो, आमच्याकडेही थांबतात. पण मग कुणाला तरी पुन्हा जावं लागतं, आणि त्याला जायला काहीतरी निमित्त लागतं. आमच्याकडे देवी आली. तुमच्याकडे पालखी यायची नाही. तेव्हा इथवर वाचून झालं असेल तर बाबाला घर शोधायला सांग, समोरच्यांचं काही आपल्याकडे राहिलंय का, एखादं भांडं, एखादी छत्री. असेल तर नेऊन द्या. आणि नसेल तर आपली एखादी त्यांच्याकडे विसरून या.